नागभीडच्या मंडईत विनू मंकड

दिवाळीनंतर मंडईला या, असा मामांचा फोन आला, तेव्हा मी सवयीने पिशवी शोधू लागलो. आम्हां पुणेकरांची मंडई म्हणजे कोथिंबीर आणि घासाघीस! "पिशवी राहू द्या. आमच्या झाडीत मंडई म्हणजे जत्रा," असे म्हणत सौभाग्यवती हसली, आणि लग्नाला वीस वर्षे होऊन गेल्यावर मी प्रथमच तिच्या आजोळच्या वाटेला लागलो.

नागपूरहून एस.टी.ने निघालो. उमरेड मागे पडले, मिरचीसाठी नावाजलेले भिवापूर आले आणि गेले. याच वाटेने पूर्वी नागपूर-नागभीड ही छोटी गाडी धावत असे. २०१९ सालच्या नोव्हेंबरात रूळ रुंद करण्याच्या कामासाठी ती बंद झाली. चालत्या गाडीतून उतरावे, चार बोरे तोडावीत आणि पुन्हा त्याच डब्यात चढावे, अशी तिची ख्याती म्हणे. खरेखोटे ती गाडी जाणे. पण सौभाग्यवतीचा आवाज हे सांगताना जरा ओला झाला होता.

चंद्रपूर जिल्ह्याच्या उत्तर अंगाला नागभीड वसले आहे. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचे हे जंक्शन. गावाबाहेर पडलात की दोन्हीकडे धानाच्या बांध्या, मध्येच एखादे तळे, आणि त्यापलीकडे साग-मोहाचे रान. घोडाझरीचा विस्तीर्ण तलाव याच तालुक्यात. त्याच्या भोवतालच्या जंगलाला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. वाघ इथे चित्रातला नव्हे, शेजारचा! संध्याकाळी रानाकडच्या वाटा ओस पडतात, त्या त्याच्याच धाकाने.

मामांचे खेडे नागभीडपासून तीन कोसांवर. धान कापणीला आले की घरात नव्या तांदळाचा वास भरतो आणि गावोगावच्या मंडया सुरू होतात. दिवसा जत्रा आणि खेळांचे सामने, रात्री दंडार किंवा नाटक. झाडीपट्टीत नाटक म्हणजे पहाटेपर्यंत; आमच्यासारखे तीन अंकांत जांभया देणारे प्रेक्षक इथे नापासच व्हायचे.

आम्ही पोचलो त्या रात्री मामांच्या ओसरीवर कबड्डीचा संघ निवडण्याची बैठक होती आणि ती चांगलीच पेटली होती. वादाचा विषय होता एकच माणूस. सारा गाव त्याला दादा म्हणतो. वय छत्तीस. घोट्याची पकड अशी, की तिची आठवण चढाई करणाऱ्याला वर्षभर राहावी. पण गेली तीन वर्षे तो तेलंगणात करीमनगरकडे एका भातगिरणीत करारावर जातो; धान निघाले की जायचे, होळीला सुटायचे. त्याने निरोप धाडला होता : "संघात घेणार असाल तर आत्ताच सांगा. चार दिवसांची मजुरी बुडवून, मुकादमाची बोलणी खाऊन येतो. पण बोलावून बाहेर बसवणार असाल तर येत नाही."

"आमी वर्षभर घाम गाळाचा अन् जागा यानं घ्याची? काहून गा?" एक विशीतला पोरगा उसळून म्हणाला. दादाच्या जागेवर आता तोच खेळत होता.

"शब्द कोनालाच नाही," चिटणीस म्हणाले. "त्यानं यावं, खेळून दाखवावं. मंग पाहू."

दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. मामा माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही पुण्याचे. तुम्ही सांगा."

कबड्डीतले मला एवढेच कळते, की दम सुटला की माणूस बाद. तेव्हा मी मला ठाऊक असलेल्या मैदानाकडे वळलो आणि विनू मंकडची गोष्ट सांगितली.

मंकड मूळचे जामनगरचे, पण मुंबईने त्यांना आपले मानले. १९५२च्या फेब्रुवारीत मद्रासला त्यांनी इंग्लंडचे बारा बळी घेतले आणि कसोटी खेळू लागल्यावर वीस वर्षांनी भारताने पहिला विजय पाहिला. त्याच उन्हाळ्यात भारताचा संघ इंग्लंडला जायचा होता. मंकड पस्तिशीचे. त्यांना लँकेशायरमधल्या हॅस्लिंग्डन क्लबचे बोलावणे आले. तिकडच्या गिरणगावांची रीत अशी, की क्लबमध्ये सारे हौशी, पगारी खेळाडू एकच. त्याने पन्नास धावा केल्या की प्रेक्षकांत वर्गणी फिरायची. मंकडनी मंडळाला विचारले : दौऱ्यावर नक्की नेणार असाल तर हा करार सोडतो. मंडळाने हमी दिली नाही. मंकडनी करार केला.

जूनमध्ये लीड्सची पहिली कसोटी झाली. दुसऱ्या डावात भारताचे चार गडी बाद झाले आणि फलकावर धावा होत्या शून्य! चारांपैकी तिघे घेतले फ्रेड ट्रूमन या पहिलीच कसोटी खेळणाऱ्या पोराने. मग धावाधाव झाली. ज्याला शब्द देता आला नव्हता, त्याच्यासाठी हॅस्लिंग्डनची मनधरणी करावी लागली. क्लबने सोडले. कर्णधार विजय हजारे १९४९ साली शेजारच्याच रॉटनस्टॉलचे पगारी खेळाडू होते. अशा कराराचे मोल त्यांना वेगळे सांगायला नको होते.

लॉर्ड्सवर मंकडनी पहिल्या डावात ७२ धावा केल्या. मग ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. आणि लगेच पुन्हा सलामीला जाऊन १८४!

"मंग जिंकलो असन ना?" उसळलेल्या पोराने विचारले.

"नाही. आठ गडी राखून इंग्लंड जिंकले. पण त्या सामन्याला लोक आजही मंकडची कसोटी म्हणतात."

ओसरीवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग दुसरी बाजूही सांगणे मला भाग होते. रग्बीत न्यूझीलंड परदेशी क्लबांकडून खेळणाऱ्यांना राष्ट्रीय संघात घेतच नाही. सगळेच पैशामागे गेले तर घरचे मैदान कोण राखणार, असा त्यांचा सवाल. ऑस्ट्रेलियाने २०१५ साली मधली वाट काढली : साठ कसोट्या खेळलेल्या आणि सात वर्षे मायदेशी घालवलेल्या जुन्या खेळाडूंना परदेशातून बोलावता येईल. त्या वर्षी त्यांचा संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला; तिथे न्यूझीलंडकडूनच हरला.

"म्हणजे नियम कोणताही करा," मामा सावकाश म्हणाले, "तो आधी सांगा. माणसाची मजुरी आधी बुडवायची आणि निवड मागून करायची, हे बरं नव्हे." मग त्या पोराकडे वळून ते म्हणाले, "अन् तुलाही पाठीमागून नाही, तोंडावर सांगतो. पहिला सामना तुझा. पुढचे त्याचे. पटते का?"

पोरगा बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, "स्टेशनवर त्याले आनाले मीच जातो."

दादा रात्रभर प्रवास करून बल्लारशाला आला, तिथून गाडी बदलून सकाळी नागभीडला उतरला. पोराने त्याला मोटरसायकलवर आणले. पहिला सामना पोराने काढून दिला, दुसरा दादाच्या पकडींनी. तिसऱ्यात गाव दोन गुणांनी हरले. दमल्यावर छत्तिशी लपत नाही. दादाच्या हातून एक घोटा निसटला, तो निसटलाच.

संध्याकाळी मामांनी थाळी फिरवली. "तुमच्या त्या लँकेशायरवाल्यांची रीत चांगली आहे," ते मला म्हणाले. जमलेले पैसे दादाने संकोच न करता मोजले, चार दिवसांच्या मजुरीशी ताडून पाहिले आणि खिशात घातले. मला ते फार आवडले.

रात्री दंडार रंगली होती. मी मात्र मांडवामागच्या उजेडात बघत उभा होतो. दादा जमिनीवर बसून पोराला घोटा कसा धरायचा ते दाखवीत होता. पोरगा पुन्हापुन्हा निसटत होता आणि दादा पुन्हापुन्हा धरत होता.

सकाळी नागभीडपर्यंत आम्ही बरोबरच आलो. तो बल्लारशाच्या गाडीकडे, आम्ही नागपूरच्या एस.टी.कडे. "पुढच्या मंडईला याल ना?" मी विचारले.

"बोलावलं तर," तो म्हणाला. "पन आधी सांगाले पायजे."