रॉडवरचा आकडा

चार अंक! वर्षभर आयटीआयमध्ये मी ते जाळत बसलो आणि एकदाही वाचले नाहीत!

झालं असं, की भोसरीच्या एका कारखान्यातून वेल्डरच्या जागेसाठी बोलावणं आलं आणि मी वहीत प्रश्नोत्तरं उतरवून घोकायला लागलो. मामांचं ग्रिलचं दुकान आहे. त्यांनी वही मिटली, हातात रॉड दिला. "वाच."

"सात हजार अठरा."

"गाढवा, सेव्हंटी एटीन म्हणतात त्याला. आणि नीट वाच."

आणि मग जे उलगडत गेलं! पहिले दोन अंक 70, म्हणजे वेल्डचा धातू दर चौरस इंचाला किमान 70,000 पौंडांचा ताण सोसणार. आपण खिडक्यांचे गज जोडतो त्या 6013 चा 60,000. तिसरा 1, म्हणजे सपाट, उभं, डोक्यावर, कुठंही चालवा. 7024 वर तिथं 2 असतो, तो उभ्याला नाही चालायचा. शेवटच्या 8 ला तर मी उडालोच! आवरण कमी हायड्रोजनचं, म्हणून हे रॉड ओव्हनमध्ये भाजून गरमच ठेवायचे. ओल शिरली की आर्कमध्ये त्या पाण्याचा हायड्रोजन होतो, जोडात मुरतो आणि कधीकधी सगळं गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडा जातो. पापडाचा डबा घट्ट लावणारे आपण, आणि मी फोडलेलं पाकीट खिडकीत ठेवत होतो. श्रावणात!

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकानात सराव. कारखान्यात 6G ची चाचणी घेणार आहेत: पाइप 45 अंशांत तिरका, पक्का बांधलेला. तो फिरत नाही, आपण त्याच्याभोवती फिरायचं, म्हणजे एकाच फेरीत सगळ्या पोझिशन आल्या! मग त्यातून पट्ट्या कापून घोड्याच्या नालासारख्या वाकवतात. 3 मिलिमीटरहून मोठी भेग उघडली की घरी. (माझी पहिली पट्टी सरळ दोन तुकडे. मामा तासभर हसत होते.) पण काल रूट, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, असा उतरला, आतून एकसारखी बारीक कड, की मी तो तुकडा धुऊनपुसून घरी आणला आणि आईला दाखवला. तिनं विचारलं, "कशाचा आहे?"

मुलाखत सोमवारी, सकाळी साडेनऊला. वही मामांकडेच राहिली आहे.