रजेवरची पदयात्रा

१७ नोव्हेंबर २०२२. भारत जोडो यात्रा पातूरहून वाडेगावकडे निघाली होती. शेख बाबूंच्या दर्ग्याला सलाम करून मीही चालू लागलो. मी मास्तर, अमरावतीहून एका दिवसाची किरकोळ रजा टाकून आलेला. पायात नवे बूट, मनात अमनची दुआ आणि थोडा अभिमानही.

रस्त्यालगतच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. एकीला म्हणालो, "ताई, चला की आमच्यासोबत."

ती हसली. "वेचाई किलोवर हाये भाऊ. तुमच्यासंगं आली तं माहे किलो कोन भरीन?"

मला वर्षापूर्वीची अमरावती आठवली. नोव्हेंबर २०२१ मध्ये मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशी बंद, पुन्हा तेच. मग संचारबंदी. मोर्चात आपली माणसे होती, बंदात त्यांची. चूल विझली ती दोन्हीकडच्या हातावर पोट असणाऱ्यांची. मी घरात वाचत बसलो, पगार वेळेवर जमा झाला. शेजारच्या चाचांची केळी मात्र हातगाडीवरच काळी पडली. मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरातही संचारबंदी लागली.

दंगलीची किंमत जो मोजतो, त्याला अमनसाठी चालायची फुरसत नसते. माझे चालणे सवाबाचे काम नव्हते. ती माझी ऐपत होती.

आमच्या मोहल्ल्यात सलोख्याच्या बैठका सकाळी अकराला व्हायच्या. आता मी हट्ट धरतो: इशानंतर ठेवा, हातगाड्या घरी परतल्यावर. चाचा आल्याशिवाय मी बोलायला उठत नाही.