पोटात ठेवणारा

गेला त्या दिवशीही तो वरून धडधाकट दिसत होता. काळा रंग शाबूत, पत्र्याची शिवण शाबूत. गाडीखाली पाठीवर झोपून मी स्क्रूड्रायव्हरने नुसतं टोचलं, तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. तोंडावर गंजाचे पापुद्रे पडले, वर दोन चमचे तपकिरी पाणी. आतून सगळं कधीच संपलं होतं आणि पठ्ठ्याने तोंडातून ब्र काढला नव्हता.

सायलेन्सरची जातच तशी. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं आणि वाफेच्या रूपाने मागे निघतं. लांबच्या पल्ल्यात डबा चांगला तापतो, वाफ बाहेर पडते. कोपऱ्यावरून दूध घेऊन परतलेल्या गाडीत मात्र ती सायलेन्सरच्या पोटातच निवते आणि धुरातली आम्लं सोबतीला घेऊन तिथेच मुक्काम ठोकते. मागचा डबा इंजिनापासून सगळ्यांत लांब, म्हणून सगळ्यांत गार, म्हणून तो आधी सडतो. रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जपून ठेवलेल्या गाडीचा सायलेन्सर लवकर जातो. मी गाडी फार जपत होतो.

गाडी म्हणजे १९७८ची ट्रायम्फ स्पिटफायर १५००. दोन माणसांची, टप उघडणारी, १४९३ सीसीची. मी कॉव्हेंट्रीत राहतो आणि ती इथल्याच कॅन्ली भागात जन्मली. १९८० साली शेवटची स्पिटफायर तिथून बाहेर पडली. आता कारखान्याच्या जागेवर ऑफिसं आणि दुकानं आहेत. एका रस्त्याचं नाव तेवढं हेराल्ड अ‍ॅव्हेन्यू राहिलंय. ते नाव वाचलं की मला पुण्यातलं आमचं अंगण दिसतं. आबांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती, मद्रासच्या कंपनीने १९६१पासून आपल्याकडे बांधलेली. हेराल्ड आणि स्पिटफायर, दोघींचं रूप इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तीने रेखाटलेलं, आणि स्पिटफायरची चासी म्हणजे हेराल्डचीच, आखूड करून घेतलेली. सख्ख्या नाही, पण चुलत बहिणी नक्की. दोघींचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. आबा पुढच्या चाकावर पाटावर बसावं तसे बसून इंजिन दुरुस्त करायचे, आणि मी मागे पुंगळीतून येणारा धूर पांढरा की निळा ते ओरडून सांगायचो. माझी सायलेन्सरशी ओळख त्या टोकाकडून झाली.

त्याच्या नावाचाही एक घोळ आहे. इंग्रज त्याला सायलेन्सर म्हणतो, आपण इंग्रजाकडून तेच घेतलं. अमेरिकेत तो मफलर. आपल्याकडे मफलर म्हटलं की डिसेंबरात कानाभोवती गुंडाळून फिरायला निघालेले आजोबा आठवतात. पण मला विचाराल तर अमेरिकेचा शब्द जास्त खरा. हा प्राणी कुणाला गप्प करत नाही, गळ्याभोवती काहीतरी गुंडाळतो इतकंच. १८९७ साली इंडियाना राज्यातल्या रीव्ह्ज बंधूंनी इंजिनाच्या मफलरचं पेटंट घेतलं. पुढे मॅक्सिम घराण्याची गंमत: बाप हायरम मॅक्सिम याने मशीनगन काढली आणि तिच्या आवाजाने स्वतःचे कान घालवले, मुलगा हायरम पर्सी याने १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि पुढे इंजिनांचे सायलेन्सरही केले. घरात कुणीतरी बोललं असणार.

आणि ज्याच्या नावावरून आमच्या गाडीचं नाव पडलं त्या स्पिटफायर विमानाला सायलेन्सर नव्हताच. मर्लिन इंजिनाच्या बारा सिलिंडरांचा धूर आखूड नळ्यांतून थेट मागे फेकला जायचा, आणि त्या फेकण्यातूनही विमानाला थोडा रेटा मिळायचा. नाव असं आणि पोटाशी हा मुखदुर्बळ. असो.

बाजारात तयार डबा मिळतो. मी एकदा तसा बसवलाही होता. डब्याचे कान एकीकडे, चासीची भोकं दुसरीकडे, आणि धक्का बसला की पुंगळी मागच्या पत्र्यावर टकटक करायची. या खेपेला करवून घ्यायचा ठरवला. एका औद्योगिक वसाहतीतल्या शेडमध्ये एक म्हातारा हे काम करतो. त्याने आधी विचारलं, "आवाज किती हवाय?"

याचं उत्तर मला देता येईना. मोठा नको. पुण्यात बुलेटचे फटाका सायलेन्सर पोलिसांनी रस्त्यावर मांडून रोडरोलरखाली घातलेले मी फोटोत पाहिलेत, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं होतं. इथे चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, पण सायलेन्सरमध्ये फेरफार करून आवाज वाढवू नये हा १९८६चा नियम म्हाताऱ्या गाड्यांनाही लागू आहे. अगदी मुका नको, एवढंच मी म्हणालो. त्याने मान हलवली, जसं काही मी मापच दिलं होतं.

जुना डबा त्याने ग्राइंडरने उभा कापला. आत चाळ निघाली. तीन खोल्या, मधे भिंती, एका खोलीतून दुसरीत जाणाऱ्या नळ्या, त्याही समोरासमोर नाहीत. धूर पहिल्या खोलीतून तिसरीत जातो, तिथून माघारी फिरतो, मग बाहेरची वाट धरतो. प्रत्येक भिंतीवर आवाज आपटून उलटतो. उलटलेल्या लाटेची खळगी येणाऱ्या लाटेच्या उंचवट्यावर पडली की दोघी एकमेकींना खातात. जाड, खालचे आवाज अशा खोल्यांनीच आवरतात. पातळ, चिरके आवाज आवरायची रीत वेगळी. सरळ नळीला बारीक भोकं पाडायची, भोवती लोकर भरायची. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो, धागे हलवता हलवता त्याची ऊब होऊन जाते. म्हाताऱ्याने दोन्ही केलं. पुढे एक खोली, मागे लोकर. नळीलगत स्टीलची, तिच्यावर काचेची. लोकर भरताना त्याचे हात अगदी आमच्या पेठेतल्या पिंजाऱ्यासारखे चालले होते. गादीचंच शास्त्र: सैल भरली तर धूर ती उडवून नेणार, ठासून भरली तर आवाज आत शिरणारच नाही.

मी जाड पाइप मागितला होता. त्याने ऐकलं नाही. सत्तरएक अश्वशक्तीच्या इंजिनाला पावणेदोन इंची पुरतो, जाड पाइपात धूर रेंगाळतो, असं म्हणाला. मग वर्तमानपत्राने हात पुसले. विषय संपला.

पत्रा ३०४ स्टेनलेस, जोड आर्गॉन वेल्डिंगचे. पण बसवणं हे वेल्डिंगपेक्षा मोठं काम, हे मला तिथे कळलं. गाडी उचलून तुकडे जागेवर धरायचे, नुसते टाके मारायचे, उतरवायचं, मग पक्कं जोडायचं. डिफरन्शियलच्या शेजारून, खालीवर होणाऱ्या हाफ-शाफ्टला न लागता वाट काढायची. इंजिन स्वतःच्या रबरांवर डोलतं, म्हणून डबाही रबरांनीच टांगायचा. कडक बांधला तर सगळी थरथर अंगात येते. शिवाय दोन मीटर स्टेनलेस तीनशे अंश तापलं की सेंटीमीटरभर लांबतं. त्याने बोटभर जागा सगळीकडे सोडली आणि क्लॅम्प सगळ्यांत शेवटी, पुढून मागे आवळत नेले. चांगल्या बैठकीत सगळे टेकून बसल्यावरच तंबोरा लावतात, तसं.

पहिल्या दिवशी धुपासारखा धूर आला, लोकरीतलं बाइंडर जळण्याचा. चौथ्या दिवशी पाइप आधी गवती, मग जांभळट झाला. आवाज छान होता. पण पंचावन्न मैलांच्या वेगाला एक घुमारा उठायचा, डोक्याच्या मागे हात ठेवल्यासारखा. चार सिलिंडरांचं इंजिन एका फेऱ्याला दोन धक्के देतं. मिनिटाला तीन हजार फेरे म्हणजे सेकंदाला शंभर धक्के. शंभर हर्ट्झ! म्हणजे आमच्या कोपऱ्यावरचा वीज मंडळाचा ट्रान्सफॉर्मर रात्रभर ज्या सुरात गुणगुणायचा, तोच सूर. लहानपणी त्या आवाजावर मी झोपायचो. गाडीत तो सहन होईना.

म्हाताऱ्याने यावर पाइपाला एक बोळ काढला. पेठेतल्यासारखा, पुढे भिंत असलेला. आवाज त्यात शिरतो, बंद टोकावर आपटतो आणि परत येईपर्यंत नेमका अर्धी लाट मागे पडलेला असतो. मुख्य रस्त्यावर तो आपल्याच भावंडाला खातो. तापल्या धुरात ध्वनी सेकंदाला सुमारे ५०० मीटर पळतो, त्या हिशेबाने बोळ सव्वा मीटर हवा. मी कागदावर काढून दाखवलं. त्याने तेवढा कापला, ऐकला, आणि मग त्यातून वीतभर छाटून टाकला. बोळातली हवा वाहत नाही, म्हणून गार. गार हवेत आवाज सावकाश चालतो. हे त्याने सांगितलं नाही. घरी येऊन मला सुचलं.

घुमारा गेला. आता सकाळी किल्ली फिरवली की आधी खाकरतो, मग घसा बसलेल्या गवयासारखा खर्जात लागतो. वेग सोडला की मागे दोनचार शब्द पुटपुटतो, ते मला आवडतात. गेल्या रविवारी आबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन पुंगळीजवळ धरला.

"चालू कर की मग," आबा म्हणाले.

"चालूच आहे, आबा."

"काहीच ऐकू येत नाही रे."

मी पेडल दाबलं. फोनच्या आतही एक असा बसलेला असतो, माणसाचा आवाज सोडून बाकी सगळा गोंगाट समजून गिळणारा, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. आबांना दिसत होती फक्त थरथरणारी पुंगळी.

"धूर पांढरा आहे," ते म्हणाले. "थंडीचा असेल. आणि इतकं गप्प करायला त्याने पैसे किती घेतले?"