समुद्राकाठचे घर आणि परदेशी ग्राहक

घर विकत घेणे म्हणजे केवळ चार भिंती आणि कौले विकत घेणे नव्हे. त्या भिंतींमागे एखाद्या कुटुंबाचा वारसा असतो, कुंपणापलीकडे शेजार असतो आणि या साऱ्याला कायद्याची चौकट असते. आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर सुट्टीपुरते घर घेऊ पाहणाऱ्या परदेशी माणसाला या तिन्हींचा विचार करावा लागतो. घर विकणाऱ्या आपल्या ग्रामस्थांनीही तो तितकाच केला पाहिजे.

परदेशी म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गोरा पाहुणा उभा राहतो. परंतु या बाबतीत माझ्याकडे सल्ला विचारावयास येणारे बहुतेक आपलेच असतात. आजोबा पोर्तुगीज अमदानीत जन्मले, म्हणून घराण्याच्या जन्मनोंदी लिस्बनला करून नातू पोर्तुगीज पासपोर्ट घेतो आणि पोटापाण्यासाठी इंग्लंडला जातो. चार पैसे गाठीला पडले की नाताळात मुलाबाळांना घेऊन येण्यासाठी गावी समुद्राजवळ एखादे घर असावे, असे त्याला वाटू लागते. ही इच्छा किती स्वाभाविक! मात्र १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते. ज्या गावच्या चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच गावात तो कायद्याने परका ठरतो.

परका ठरला तरी त्याला दार बंद नाही. १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात सामील झालेल्या प्रदेशातील लोकांना व त्यांच्या मुलानातवंडांना ओसीआय कार्ड मिळू शकते. गोवा १९६१ साली भारतात आला, म्हणून ही वाट आपल्या माणसांना खुली आहे. हे कार्ड असल्यास राहते घर किंवा दुकान विकत घेता येते. शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस मात्र नाही. घराला लागून भाताचे शेत असले, तर तेथेच व्यवहार अडतो. पत्नी परदेशी वंशाची असेल, तर विवाह नोंदलेला आणि निदान दोन वर्षांचा असल्यास, पतीबरोबर एक घर तिच्या नावावर होऊ शकते. पैसे बँकेच्या मार्गानेच आले पाहिजेत. परदेशी नोटांची पुडकी हातात ठेवून चालत नाही.

ज्याचे भारताशी असे नाते नाही आणि जो पर्यटक म्हणून व्हिसा काढून येतो, त्याला १९९९ च्या परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली घर विकत घेता येत नाही. त्याने पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा करावा. ‘सारे जमवून देतो’ म्हणणाऱ्या दलालाच्या भरवशावर आयुष्याची पुंजी घालू नये.

दुसरा प्रश्न असा, की घर खरोखर कोणाचे? गेल्या वर्षी असाच एक तरुण शेजारच्या वाड्यावरील बंद घराचा विसार देण्यास निघाला होता. विकणारा थोरला भाऊ घाईत होता. मी त्या तरुणाला एवढेच विचारले, “त्यांची मुंबईची विधवा बहीण काय म्हणते?” तिला कोणी विचारलेच नव्हते! १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून चालत आलेल्या रीतीप्रमाणे, आणि आता गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्याप्रमाणेही, मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. विवाहाच्या वेळी वेगळा करार नसल्यास मालमत्ता पतिपत्नींची सामाईक असते. म्हणून विक्रीखतावर भावाबरोबर भावजयीचीही सही लागते. पुढे बहीण आली, आपला वाटा पदरात घेऊनच तिने सही केली. व्यवहार आठ महिने लांबला, पण भावाबहिणीचे बोलणे तुटले नाही. परसात राहणाऱ्या मुंडकाराचे खोपटही तेथेच राहिले. १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे आणि नवा मालक आला म्हणून त्याला हुसकावता येत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा. किनारपट्टी नियमनाची अधिसूचना प्रथम १९९१ साली निघाली. पुढे तिच्यात पुष्कळ फेरफार झाले. तरीही लाटांच्या अगदी जवळ मनाजोगता बंगला उठवता येत नाही. जुन्या घराची डागडुजी करणे निराळे आणि त्यावर मजले चढवणे निराळे. तेव्हा भरतीच्या रेषेपासून घर किती अंतरावर आहे, हे विसार देण्यापूर्वीच अधिकृत नकाशावर पाहून घ्यावे.

हे सारे प्रश्न कित्येकांना कटकटीचे वाटतात. परंतु परदेशी गेलेल्यांची बंद घरे व जमिनी खोट्या कागदांनी बळकावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२२ साली गोवा सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. कुलूप घातलेल्या घराचा राखणदार शेवटी खरा कागदच असतो.

वाचकहो, घराला चांगली किंमत आली म्हणून हुरळून जाऊ नका. विकण्यापूर्वी दूरच्या बहिणीला पत्र घाला, मुंडकाराशी बोला, वकिलाला कागद दाखवा. घेणारा आपला असो वा परका, त्याच्यापासून काही लपवू नका. ज्या घराच्या विक्रीत कोणाचा हक्क बुडाला नाही, त्या घराच्या नव्या धन्याला शेजारी आपल्या ओटीवर बोलावतात. आणि सुट्टी संपवून तो गेला, की त्याच्या बंद दाराकडे लक्षही तेच ठेवतात.