सत्तावन्न किलोचा हिशेब : खाशाबा आणि त्यांच्यानंतरचे मल्ल

खाशाबा दादासाहेब जाधव यांनी २३ जुलै १९५२ रोजी हेलसिंकीत फ्रीस्टाइल कुस्तीच्या ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. अमन सेहरावत याने ९ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात आणि त्याच ५७ किलो गटात कांस्यपदक मिळवले. दोघांनाही त्या-त्या वर्षीच्या सुवर्णविजेत्या जपानी मल्लाने हरवले होते : खाशाबांना शोहाची इशिई याने, अमनला रेई हिगुची याने. मधल्या ७२ वर्षांत याच वजनात रवी दहिया टोकियोतून रौप्य घेऊन आला. वजनाचा आकडा आणि प्रकार इतका तंतोतंत जुळण्याचा योग क्रीडा इतिहासात क्वचितच येतो. त्यामुळे ‘यांच्यात मोठा कोण?’ हा प्रश्न पुण्याच्या तालमींत, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आणि आता दिवाळी अंकांतही विचारला जातो.

या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. एका पदकाचे मोल किती, हा पहिला. संपूर्ण कारकिर्दीची उंची किती, हा दुसरा. दोघांची जोड लावली तर आस्मान कोण दाखवील, हा तिसरा. तिसऱ्याला उत्तर नाही आणि ते शोधण्यात अर्थही नाही; तरी चर्चा बहुतेक वेळा त्याच्याभोवतीच फिरते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतात. मात्र त्यासाठी नियमांत शिरावे लागते, आणि वाचक नेमका तिथेच पान उलटतो.

पदकाच्या मोलाचा प्रश्न स्पर्धा कशी खेळवली जाते यावर अवलंबून असतो. १९५२ साली आजच्यासारखी बाद फेरी नव्हती. उणे गुणांची पद्धत होती. प्रतिस्पर्ध्याला चितपट केले तर मल्लाच्या खात्यावर शून्य उणे गुण, पंचांच्या निर्णयावर जिंकला तर एक, आणि हरला तर साधारणपणे तीन. पाच उणे गुण साचले की मल्ल स्पर्धेबाहेर. म्हणजे जिंकणाऱ्यालाही काहीतरी मोजावे लागे. निव्वळ गुणांवर कुस्त्या जिंकत राहणारा मल्ल हळूहळू दरीच्या काठाकडे सरकत असे. कुस्ती पंधरा मिनिटांची होती. खाशाबांनी कॅनडाचा एड्रिअन पोलिक्विन आणि मेक्सिकोचा लिओनार्दो बासुर्तो यांना चितपट केले, जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झला हरवले आणि अखेरच्या तिघांत पोहोचले. तिथे इशिई आणि सोव्हिएत संघाचा रशीद मामेदबेकोव या दोघांकडून ते हरले. इशिईशी पंधरा मिनिटे झुंजल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना पुन्हा गादीवर उतरवले गेले आणि हरकत घ्यायला भारतीय पथकाचा अधिकारी जागेवर नव्हता, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, हाती आलेले पदक त्या गटातले एकमेव कांस्य होते.

हा ‘एकमेव’ शब्द महत्त्वाचा आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकपासून कुस्तीत प्रत्येक वजन गटात दोन कांस्यपदके दिली जातात. अंतिम फेरी गाठणाऱ्याकडून आधी हरलेल्या मल्लांना परतीची संधी मिळते. तिला रेपेचाज म्हणतात आणि तिच्यातून वर येणारा कांस्यासाठी लढू शकतो. सुशील कुमार बीजिंगमध्ये पहिलीच कुस्ती हरला, पुढच्या तिन्ही जिंकला आणि कांस्य घेऊन आला. २०१२ मध्ये योगेश्वर दत्त आणि २०१६ मध्ये साक्षी मलिक याच वाटेने पदकापर्यंत पोहोचले. या तिघांच्या पदकांना कोणी कमी लेखू नये. पण हेलसिंकीच्या तराजूत ती ठेवून पाहिली तर चित्र पार बदलते. सुशीलच्या खात्यावर पहिल्या पराभवाचे तीन उणे गुण आणि पुढच्या प्रत्येक गुणांवरच्या विजयाचा एकेक धरला, तर दुसऱ्या विजयानंतर तो पाचावर पोहोचतो आणि कांस्याची कुस्ती खेळतच नाही. अमनने पॅरिसमध्ये उत्तर मॅसेडोनियाच्या व्लादिमीर येगोरोवला १०-० आणि अल्बानियाच्या झेलिमखान अबाकारोवला १२-० असे नमवले. आजच्या नियमांत दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच थांबते. १९५२ च्या मोजणीत हे दोन्ही विजय निर्णयावरचे धरावे लागतात, म्हणून दोन उणे गुण. उपांत्य फेरीत हिगुचीकडून ०-१० असा पराभव झाला, म्हणून आणखी तीन. एकूण पाच, आणि पोर्तो रिकोच्या डेरिअन क्रूझविरुद्धची १३-५ अशी जिंकलेली कुस्ती होतच नाही.

हा हिशेब अर्थातच अर्धा लटका आहे. सहा मिनिटांच्या कुस्तीसाठी घडवलेला मल्ल पंधरा मिनिटांची मुभा मिळाली असती तर वेगळा लढला असता. येगोरोव आणि अबाकारोव या दोघांनाही कदाचित चितपट करून मोकळा झाला असता. शिवाय नियम उलट दिशेनेही लावून पाहायला हवा, आणि तो लावताना कोणी दिसत नाही. हेलसिंकीतच फेदरवेट गटात कोल्हापूरचे केशव माणगावे चौथे आले होते. १९७२ च्या म्युनिकमध्ये ५२ किलोत सुदेश कुमार आणि ५७ किलोत प्रेमनाथ हे दोघे चौथे आले. दुसरे कांस्य तेव्हा असते, तर या तिघांपैकी एखाद्याचे नाव आज शालेय पुस्तकात असते. माणगावे यांचे नाव महाराष्ट्रातल्या किती वाचकांना ठाऊक आहे, हे विचारण्यात हशील नाही.

मुष्टियुद्धाशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ऑलिम्पिक मुष्टियुद्धात उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघांनाही न लढता कांस्य मिळते. विजेंदर सिंग, मेरी कोम आणि लवलिना बोर्गोहेन यांची शेवटची लढत पराभवाची होती. कुस्तीत कांस्य घेणाऱ्याला आज शेवटची कुस्ती जिंकावीच लागते. म्हणजे ‘कांस्य’ या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू आहेत : १९५२ चे एकमेव कांस्य, आजचे कुस्तीतले जोडकांस्य आणि मुष्टियुद्धातले पराभूताचे कांस्य. वर्तमानपत्रांच्या तक्त्यांत तिन्हींसाठी एकच तपकिरी ठिपका असतो. पदकांची गणती करणाऱ्यांना हे सांगून सांगून कुस्तीचे जाणकार थकले आहेत.

या बाबतीत खाशाबांचे पारडे जड आहे. वजनगटांच्या बाबतीत मात्र ते तितके जड राहत नाही, आणि खाशाबाभक्तांना हे ऐकायला आवडत नाही. हेलसिंकीत फ्रीस्टाइलचे आठ गट होते : ५२, ५७, ६२, ६७ असे करत ८७ च्या वरपर्यंत. पॅरिसमध्ये पुरुषांच्या फ्रीस्टाइलचे सहाच गट होते आणि सर्वांत हलका ५७ किलोचा. त्याच्यावर थेट ६५. म्हणजे १९५२ मध्ये जो मल्ल ५२ किलोत उतरला असता त्याला आज ५७ मध्ये यावे लागते, आणि ज्याने ६२ किलो निवडले असते त्यातला एक मोठा वर्ग वजन उतरवून ५७ मध्ये येतो. आजचा ५७ किलो गट हा पूर्वीच्या अडीच गटांची गर्दी आहे. अमन उपांत्य कुस्ती हरला त्या रात्री त्याचे वजन ६१ किलोच्या वर होते आणि दहा तासांत त्याने सुमारे साडेचार किलो उतरवले, असे त्याच्या प्रशिक्षकांनी सांगितले. आता कुस्ती दोन दिवस चालते आणि दोन्ही सकाळी वजन होते. याच नियमाने त्याच स्पर्धेत विनेश फोगटला अंतिम फेरीच्या सकाळी शंभर ग्रॅमसाठी बाद केले. खाशाबांचा प्रवास उलटा होता. १९४८ च्या लंडनमध्ये ते ५२ किलोत सहावे आले आणि चार वर्षांनी अंगात भर घालून वरच्या गटात गेले.

प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाबद्दलही दोन्ही बाजूंनी बोलता येते. सोव्हिएत संघ ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो हेलसिंकीतच, आणि इराण व तुर्कस्तान तेव्हा ऐन भरात होते. पॅरिसमध्ये रशियन मल्ल नव्हते. टोकियोत रवीला हरवणारा झावुर उगुएव त्यामुळे तिथे नव्हता. पण सोव्हिएत संघाचा एका गटात एकच मल्ल येत असे. आज त्याच मातीत घडलेले मल्ल डझनभर देशांच्या पोशाखात उतरतात. अमनने पहिल्या दोन फेऱ्यांत ज्यांना हरवले ते दोघेही जन्माने रशियातलेच. पदकाच्या मोलाचा निकाल म्हणून असा लावावा लागतो : नियमाच्या कठोरपणात खाशाबा पुढे, गटातल्या गर्दीत अमन पुढे आणि दोन्हींचा मेळ घातला तर खाशाबा थोडे वरचढ. यातले ‘थोडे’ हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे, गणित नव्हे.

कारकिर्दीची तुलना त्या मानाने सोपी आणि त्यामुळे अधिक अन्याय करणारी आहे. बजरंग पुनियाच्या नावावर जागतिक स्पर्धेची चार पदके आहेत. सुशील कुमारकडे ऑलिम्पिकची दोन पदके आणि २०१० चे जागतिक विजेतेपद. यांच्यापुढे खाशाबांची यादी दोन ओळींची भरते. पण त्या यादीत भर पडायला स्पर्धाच कुठे होत्या? जागतिक फ्रीस्टाइल स्पर्धा पहिल्यांदा भरली १९५१ साली आणि दुसऱ्यांदा १९५४ साली. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत कुस्ती नव्हती. ती १९५४ ला मनिलात आली. भारताला जागतिक कुस्तीतले पहिले पदक १९६१ मध्ये उदय चंद यांनी दिले. १९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले आणि गुडघ्याच्या दुखापतीमुळे १९५६ चे मेलबर्न हुकले. हेलसिंकीला जाण्यासाठी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ज्या मल्लाला प्रवासखर्चासाठी दारोदार फिरावे लागले त्याच्या स्पर्धांची संख्या आजच्या मल्लाशी ताडून पाहणे हा हिशेब नव्हे, थट्टा आहे. तरीही कागदावर जे आहे ते मान्य करायला हवे : संपूर्ण कारकिर्दीत सुशील, बजरंग आणि रवी हे खाशाबांच्या पुढे आहेत.

याच ५७ किलोतला पुण्याचा धागा राहुल आवारेचा. बीडच्या पाटोद्याचा हा मल्ल गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदार मामांकडे घडला आणि मामांच्या निधनानंतर काका पवारांकडे राहिला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ५७ किलोत सुवर्ण घेतले, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. ६१ किलो हा ऑलिम्पिकचा गट नाही आणि ५७ मध्ये एका देशाचा एकच मल्ल जातो. रिओला संदीप तोमर गेला, टोकियोला रवी. राहुल ऑलिम्पिक खेळलाच नाही. जागतिक पदक मिळवण्याइतकी कुस्ती अंगात असूनही त्याचे नाव खाशाबांच्या शेजारी येत नाही, कारण लोक पदकाचा धातू पाहतात, गटाची अडचण पाहत नाहीत. खाशाबांसारखाच तोही पोलीस खात्यात गेला, पण थेट उपअधीक्षक म्हणून. सत्तर वर्षांत बदललेले बरेच काही या एका नेमणुकीत दिसते.

महाराष्ट्रापुरता या तुलनेचा शेवटचा भाग गदेचा आहे. महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा १९६१ पासून भरते. नरसिंग यादव आणि विजय चौधरी यांनी ती सलग तीन-तीनदा जिंकली. जानेवारी २०२३ मध्ये कोथरूडला शिवराज राक्षेने मानाची गदा उचलली तेव्हा सोबत पाच लाख रुपये आणि थार गाडी मिळाली. गर्दी, पैसा, वर्तमानपत्रांतली जागा आणि पंचांच्या निर्णयावरून होणारे वाद, सगळे या गदेभोवती असते. ती लढली जाते ८६ ते १२५ किलोच्या गटात. हलक्या वजनांच्या कुस्त्या त्याच मैदानावर सकाळी होतात आणि संध्याकाळच्या गर्दीला त्यांतला विजेता कोण हे ठाऊक नसते. गावोगावच्या तालमींत खुराक कोणाला घालायचा हेही याच गदेकडे पाहून ठरते. ५७ किलोचा मुलगा बापाला खर्च वाटतो, ९५ किलोचा मुलगा आशा.

राज्य सरकारने १५ जानेवारी हा खाशाबांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला आहे. महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक पुन्हा मिळाले ते १ ऑगस्ट २०२४ रोजी, कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेकडून, तेही नेमबाजीत. कुस्तीत महाराष्ट्राचे ऑलिम्पिक पदक आजही एकच आहे, आणि ते मिळवणारा मल्ल आज असता तर त्याच्या वजनामुळे त्याला महाराष्ट्र केसरीच्या गदेसाठी नावही नोंदवता आले नसते.