गाडीला ओढ नाही

मोटार विकत घेताना माणूस इंजिन पाहतो, टायर पाहतो, सीटचे कापडसुद्धा चिमटीत धरून पाहतो. पण ती आपण कोणाकडून घेतो आहोत, तेवढे पाहायचे राहून जाते. मी माझी मोटार सख्ख्या धाकट्या भावाकडून घेतली. व्यवहार आणि नाते या एका म्यानात न राहणाऱ्या तलवारी आहेत, हे शहाणपण बँकेत तीस वर्षे लोकांचे व्यवहार पाहूनही माझ्या अंगी लागले नव्हते.

आम्ही भंडारा जिल्ह्यातले, लाखनीकडचे. मी नोकरीसाठी नागपूर गाठले, भाऊ शेतावर राहिला. त्याच्याकडे सात माणसांची एक जुनी, धिप्पाड डिझेल गाडी होती. निवृत्त झाल्यावर माझ्या मनाने घेतले, की आपल्या वाट्याचे धान आपणच गाडीमागे ट्रॉली जोडून गिरणीवर न्यावे. हंगामात ट्रॅक्टर वेळेवर मिळत नाही, आणि मिळालाच तर भाडे ऐकून धान शेतातच राहिलेले बरे वाटते. भाऊ म्हणाला, "दादा, माझी गाडी घे. ओढायला दमदार आहे." गाडी त्याची घेतली. ट्रॉली मात्र मी स्वतः, जुन्यातली, घासाघीस करून जवळजवळ भंगाराच्या भावात मिळवली. त्या घासाघिशीची हकिगत मी पुढे महिनाभर भेटेल त्याला ऐकवीत होतो.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी मंडळींनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावांवर आजही कित्येक बांध्या भिजतात. आमच्या शेतातून सडकेला लागायचे तर अशाच एका तलावाची पाळ चढावी लागते. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हलके धान निघाले. मी ट्रॉलीत २५ कट्टे भरले. एक कट्टा ४० किलोचा, म्हणजे बरोबर एक टन. पाळीच्या मध्यावर गाडी कण्हली, काळा धूर सोडला आणि उभी राहिली. मागची चाके जागच्या जागी फिरून माती उडवू लागली.

धान अखेर भाड्याच्या ट्रॅक्टरने गेले. संध्याकाळी मी भावाला फोन केला आणि बोलू नये ते बोललो. "थकलेला बैल माझ्या दावणीला बांधलास, तोही पैसे घेऊन!" तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं दादा," आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला आम्ही दोघेही तुमसरला बहिणीकडे जातो. त्या वर्षी तिने दोन पाट मांडले. एक रिकामाच राहिला. तो आदल्या दिवशीच येऊन ओवाळून घेऊन गेला होता. बहीण काही बोलली नाही. रिकाम्या पाटाभोवतीची रांगोळी मात्र तिने पुसली नाही.

भारी धान निघायच्या आत गाडी दुरुस्त करायची, म्हणून मी लाखनीच्या मिस्त्रींना गाठले. त्यांनी आधी हवेची जाळी काढली. तिच्यात धुळीबरोबर धानाचा कोंडा इतका बसला होता, की इंजिनाला श्वास घेणे कठीण व्हावे. ती बदलली. डिझेलचा फिल्टर बदलला. टर्बोच्या नळ्यांना कुठे चीर आहे का, ते पाहिले. क्लच घसरतो का, हे पाहण्यासाठी हातब्रेक ओढून, चौथा गिअर टाकून त्यांनी क्लच हळूहळू सोडला. इंजिन ताबडतोब बंद पडले. मिस्त्री म्हणाले, "क्लच ठणठणीत आहे. तो घसरत असता तर इंजिन फिरतच राहिलं असतं." मग ट्रॉली सोडून, आत आठ कट्टे टाकून, ते गाडी पाळीवर घेऊन गेले. गाडी सहज चढली.

"साहेब, गाडीत दोष नाही."

मला ते पटेना. खरे सांगायचे तर पटवून घ्यायचे नव्हते. गाडीत दोष नसला, तर मग तो कुठे होता?

पुन्हा ट्रॉली जोडली, २५ कट्टे भरले. गाडी पुन्हा पाळीवर अडली. आमच्याकडचा म्हातारा गाडीवान मेरेवर बसून इतका वेळ तमाशा पाहत होता. तो उठला. म्हणाला, "भाऊ, बैलाले काहून मारता? पयले चाक पाहा."

त्याने लोट्यातले पाणी ट्रॉलीच्या डाव्या चाकाच्या तुंब्यावर ओतले. तव्यावर पडल्यासारखे ते चरचरले. ट्रॉली रिकामी करून जॅकवर उचलली, तर ते चाक दोन्ही हातांनी फिरेना. पावसाळ्याचे चार महिने मी ट्रॉली उघड्यावर ठेवली होती. ब्रेक आतल्या आत गंजून आवळून बसला होता. म्हणजे गाडी पुढे ओढत होती आणि माझी ट्रॉली तिला मागे धरून ठेवीत होती!

म्हाताऱ्याचे एवढ्यावर संपले नाही. "आन् भरलीबी उलाळ," तो म्हणाला. उतरवायला सोपे म्हणून मी सारे कट्टे मागच्या बाजूला रचले होते. मागे भार झाला की ट्रॉलीचे तोंड वर उचलते, त्याबरोबर मोटारीची मागची बाजूही उचलली जाते, आणि चाकांची जमिनीवरची पकड सुटते. मिस्त्रींनी मान डोलावली. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा आकड्यावर यावा, असे त्यांचेही म्हणणे पडले. बैलगाडी उलाळ नको आणि धुरजडही नको, हे माझ्या वडिलांनाही ठाऊक होते. मी ते बँकेत विसरून आलो होतो.

ब्रेक सोडवला, कट्टे पुढे घेतले. पहिल्या गिअरमध्ये गाडी पाळ चढून गेली, तीही कुरकूर न करता. गिरणीवर धान उतरवून मी परस्पर भावाच्या दारात गाडी उभी केली. आवाज ओळखून तो बाहेर आला. आधी माझ्याकडे नाही, बॉनेटकडे पाहिले त्याने.

"ओढते का आता?"

"ती तेव्हाही ओढतच होती," मी म्हणालो. "ट्रॉलीचा ब्रेक आवळला होता. तुला उगीच बोललो."

तो काही बोलला नाही. आत वळून त्याने चहा टाकायला सांगितले, दोन कप.

यंदा तुमसरला दोन्ही पाट भरणार आहेत. आणि हो, ट्रॉलीवर मी पत्र्याचे छप्पर घातले आहे. त्या पत्र्यासाठी मात्र घासाघीस केली नाही.