नंबरावरून दारापर्यंत

सोमवार, 5 जानेवारी 2026, मुलुंड

बी विंगमधली अ. संध्याकाळी आली, चेहरा उतरलेला. जुनं लोखंडी कपाट काढायचं म्हणून तिने ऑनलाइन जाहिरात टाकली होती. एकाने फार पाडून मागितलं, हिने नाही म्हटलं, तेव्हापासून त्याचे रात्री-अपरात्री मेसेज. आज तो दारात उभा! जाहिरातीत 'मुलुंड पूर्व' एवढंच होतं, पत्ता तिने कुणालाच दिला नव्हता. आतून भावाचा आवाज आला तसा तो सटकला.

"काकू, तुम्ही टेलिफोनमध्ये होतात ना? नंबरावरून पत्ता काढता येतो का हो?"

मंगळवार, 6 जानेवारी

माझी नोकरी गेली 197 वर. लोक नाव सांगत, आम्ही नंबर देत असू. त्या जाडजूड डिरेक्टरीत नाव, पत्ता, नंबर सगळं उघड छापलेलं असे आणि त्यात आपलं नाव असल्याचा लोकांना कोण अभिमान! पण ती लावलेली आडनावाप्रमाणे. नुसता नंबर घेऊन माणूस शोधायचा तर लाखो ओळींवरून बोट फिरवावं लागलं असतं. पत्ता लपवलेला कुणाचाच नव्हता, उलटं शोधणं जिकिरीचं होतं, तेवढ्यावर सगळे निर्धास्त. कॉम्प्युटरला उलटं-सुलटं सारखंच.

नंबरात पत्ता नसतोच, हे अ.ला आधी सांगितलं. फोन कंपनीकडे असलेला पत्ता परस्पर बाहेर जायला नको, जातो तेव्हा तो गुन्हा असतो. 2018 मध्ये ठाणे पोलिसांनी फोनच्या नोंदी विकणारी टोळी पकडली होती, तिच्यात खासगी डिटेक्टिव्हही निघाले. पण कपाटवाल्याला इतके उपद्व्याप करायची गरज पडली नसणार.

नंबरावरून आधी नाव मिळतं. ट्रूकॉलर 2009 साली स्टॉकहोममध्ये सुरू झालं, आज आपल्याकडे ज्याच्या त्याच्या फोनात आहे. अ.ने ते कधी घेतलंच नाही, तरी माझ्या भाच्याच्या फोनवर तिचं नाव-आडनाव आलं. अशा ॲपना कुणीतरी आपली अख्खी संपर्कयादी देऊन टाकतो आणि त्या यादीत आपण असतो. आपण लोकांच्या फोनात कोणत्या नावाने राहतो ते एकदा बघावं. इस्त्रीवाल्याने हसत दाखवलं: अ. म्हणजे 'बी 302 ड्रेसवाली', मी 'ए 104 स्टार्च'. पत्ता त्या नावातच आला की!

पैसे पाठवायच्या ॲपवर नंबर टाकला तरी बँकेतलं नाव दिसतं. 30 जून 2025 पासून बँकेत नोंदलेलं खरं नावच दाखवायचं असा नियम झाला, पैसे भलत्याला जाऊ नयेत म्हणून. फोन येताच करणाऱ्याचं नोंदलेलं नाव दिसावं, ही दूरसंचार नियामक ट्रायची फेब्रुवारी 2024 ची शिफारसही फसवणुकीवरचाच उतारा. दोन्हींमागचा हेतू चांगला, त्यात माझं दुमत नाही. फक्त नाव उघडं पडतं ते सगळ्यांचं, फसवणाऱ्याचंही आणि अ.चंही.

गुरुवार, 8 जानेवारी

पोलीस चौकीत जाऊन आलो. हवालदार बरे होते, ऐकून घेतलं, अर्जाची पोच दिली. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही वारंवार संपर्क साधत राहिलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 78 लागतं. "मेसेज पुसू नका," म्हणाले. मग समोरच त्याला फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून पहिला प्रश्न काय, तर "माझा नंबर तुम्हाला दिला कुणी?" आम्हा तिघांनाही हसू आवरेना.

रविवार, 11 जानेवारी

गुरुवारी महापालिकेचं मतदान, त्यामुळे बेल सारखी वाजतेय. आज आलेल्या कार्यकर्त्याने फोनमध्ये नुसतं आडनाव घातलं आणि आमचं सगळं घर पडद्यावर आलं: नावं, वयं, नवऱ्याचं नाव, खोली नंबर. वर विचारतो, "सूनबाईंचं नाव अजून माहेरीच आहे वाटतं?"

मतदार यादी उघडी असायलाच हवी, नाहीतर बोगस नावांवर हरकत कोण घेणार? पण कागदी यादी मतदान झाल्यावर रद्दीत जायची. ही त्या पोराच्या खिशात राहणार, पुढे कुणाला देईल ते त्याचं त्याला माहीत.

बुधवार, 14 जानेवारी

संक्रांत. दुपारभर भाच्याने छापून दिलेला कायदा वाचत बसले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 ला एकमताने सांगितलं. त्यावर वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये आला, नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि त्यातले बरेचसे अजून लागू व्हायचेत. दंड 250 कोटींपर्यंत. वाचून बरं वाटतं, तोवर तिसरं कलम येतं: एखाद्या व्यक्तीने घरगुती किंवा वैयक्तिक कामासाठी माहिती वापरली तर हा कायदा लागूच नाही. कायद्यानेच जाहीर करावी लागलेली माहितीही त्यातून वगळलेली.

म्हणजे कंपनीला धाक आहे. घरी बसून चार ठिकाणचे तुकडे जोडणारा इसम यात सापडेलच असं नाही. तो दारात येऊन त्रास देईल तेव्हा पोलीस. जोडाजोडीचं नाव कुणीच काढत नाही.

रविवार, 18 जानेवारी

सोसायटीची मीटिंग. मी गेटवरची वही सोबतच घेऊन गेले. दोरीने बांधलेलं बॉलपेन, लांब पान, रकाने: नाव, कुठून, कोणाकडे, मोबाइल, सही. पुढचा माणूस लिहिताना वरच्या दहा जणांचे नंबर आरामात वाचतो. अ.च्या मैत्रिणीचं नाव, नंबर आणि पुढे 'बी 302'. कोण कोणाकडे येतं त्याचा आयता तक्ता. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे 2023 मध्ये दुकानदारांना सांगितलं होतं की बिलासाठी मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. आपणही वहीतला तो रकाना काढू, म्हटलं.

चेअरमन म्हणाले, "मॅडम, वही बंदच करतोय. ॲप घेतोय. त्यात येणाऱ्याचा फोटोपण निघेल."

ठराव एकमताने मंजूर, एक मत सोडून.

रविवार, 25 जानेवारी

ट्रूकॉलरच्या साइटवरून नंबर काढून टाकता येतो, ते करून झालं. तरी अ.ला चैन पडेना, तिने नवं सिम घेतलं. बंद पडलेला नंबर निदान 90 दिवस कुणाला द्यायचा नाही असा नियम आहे. त्यानंतर तो फिरून दुसऱ्याकडे जातो. हिचाही तसलाच निघाला. आठवडाभरात तिला कळलंय की आधीचे गृहस्थ उल्हासनगरला राहतात, दुचाकीचा हप्ता थकवलाय आणि मुलगी पाचवीत आहे, कारण शाळेचे मेसेज अजून इकडेच येतात.

आज कुरियरवाल्याचा फोन आला तेव्हा मी शेजारीच होते. त्याने बिल्डिंग, मजला, खोली सगळं वाचून दाखवलं आणि विचारलं, "घरी कोणी आहे ना?"

"राँग नंबर," अ. म्हणाली, "आणि हे असं कुणालाही वाचून दाखवू नका."

"मॅडम, पाकिटावर लिहिलंय तेच वाचतोय," तो म्हणाला.